एकच गाव, आठवडाभर : न्यूरेंबर्गची ट्रिप, व्हिसापासून परतीपर्यंत

"किती देश करताय?" युरोपला जातोय म्हटल्यावर सगळ्यांनी हेच विचारलं. आम्ही सांगायचो, एक देश, जर्मनी, आणि त्यातही एकच गाव, न्यूरेंबर्ग. मग समोरच्याचा चेहरा पडायचा. एवढा व्हिसाचा खर्च करून एकच गाव? स्वित्झर्लंड तरी जोडा की. बर्फ नाही, टायटलिस नाही, मग काय बघणार?

त्याचं असं आहे की माझे सासरे, अप्पा, जिल्हा कोर्टात स्टेनो होते. आयुष्यभर साक्षी-जबान्या लिहून घेतल्या. आता वय ७४. त्यांना एकच गोष्ट बघायची होती, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर जिथे खटला चालला ते कोर्टरूम नंबर ६००. आणि सासूबाईंचे गुडघे असे की रोज बॅगा बांधून नवीन हॉटेल हे त्यांना झेपणारच नव्हतं. ग्रुप टूरच्या माहितीपत्रकात न्यूरेंबर्ग असलंच तर "फोटो स्टॉप" म्हणून असतं. म्हणून सगळं स्वतःच करायचं ठरवलं. मी, नवरा, अप्पा आणि आई, म्हणजे सासूबाई. आमच्या घरात हे पहिल्यांदाच होत होतं आणि शोधताना मराठीत फार काही सापडलं नाही, म्हणून जमेल तसं सगळं लिहून ठेवतेय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरलं, जायचं मे २०२५ मध्ये. ख्रिसमस मार्केटची खूप इच्छा होती मला, तिथलं फार जुनं आणि प्रसिद्ध आहे, ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतं ते २४ डिसेंबरपर्यंत. पण त्या थंडीत, त्या गर्दीत दोन वयस्कर माणसं नेणं म्हणजे त्यांचे हाल. मे मध्ये दिवस मोठा, नऊ वाजेपर्यंत उजेड, एक स्वेटर पुरतो.

तारखा ठरवताना एक गोष्ट कळली जी कोणी सांगत नाही. मे च्या पहिल्या पंधरवड्यात काही दिवस राहण्याचे भाव एकदम वर आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा खाली, असं का ते कळेना. नवऱ्याने शोधून काढलं, न्यूरेंबर्ग हे मोठमोठ्या व्यापारी प्रदर्शनांचं शहर आहे, आणि ६ ते ८ मे ला इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं प्रदर्शन होतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी खेळण्यांचं जगातलं मोठं प्रदर्शन असतं, तेव्हा तर विचारायलाच नको. तर आधी प्रदर्शनांचं कॅलेंडर बघा आणि मगच रजा टाका. आम्ही १७ ते २५ मे घेतलं.

राहायला प्लेअरर नावाच्या चौकाजवळ छोटं अपार्टमेंट घेतलं, रोजचे साधारण १३० युरो, चौघांना पुरेसं आणि स्वयंपाकघर असलेलं. फ्री कॅन्सलेशनवालंच घ्या, कारण व्हिसाचं काही सांगता येत नाही. प्लेअरर का, तर मेट्रोच्या तिन्ही मुख्य लाइन तिथे एकत्र येतात, सपाट आहे, आणि जुन्या गावाची तटबंदी समोरच. किल्ल्याजवळची घरं फोटोत फार गोड दिसतात, पण तिथे चढ आहे आणि दगडी फरसबंदी आहे, गुडघेवाल्यांनी त्या फोटोंना भुलू नका.

आता व्हिसा. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, त्यामुळे आमचं एका गावाचं प्रकरण इथे फार सोपं झालं, सगळे दिवस जर्मनी, विषय संपला. जर्मनीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, शेवटी बारकोडसकट प्रिंट निघते, ती प्रत्येकाची वेगळी, सह्या प्रत्येकाच्या वेगळ्या. अप्पांनी चारही फॉर्म पेन्सिल घेऊन तपासले, स्पेलिंगच्या बाबतीत ते आजही कोर्टातच असतात.

जानेवारीत अपॉइंटमेंट बघायला सुरुवात केली. चौघांचे स्लॉट एका दिवशी मिळत नव्हते, एकेकट्याचे मिळत होते. रोज सकाळी चहाबरोबर ते पोर्टल उघडायचं असा दिनक्रमच झाला, आणि शेवटी सोमवार २४ फेब्रुवारीचे चार मिळाले, पुण्यातच.

कागदपत्रं जमवताना खरा घाम निघतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा, दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, स्टुडिओवाल्याला "शेंगेन" म्हटलं की कळतं. नोकरी करणाऱ्यांना पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र, बँक स्टेटमेंट, आयटीआर. अप्पांना पगार कुठला, त्यांची पेन्शन ऑर्डरची कॉपी आणि पेन्शन खात्याचं स्टेटमेंट लावलं. आईंच्या नावावर उत्पन्न नाही, तर नवऱ्याने खर्च मी करतोय असं पत्र दिलं आणि नात्याचा पुरावा जोडला. मराठीतल्या दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं करून घेतली. बँकेत स्टेटमेंटवर शिक्का मारून घ्यायला "साहेब जेवायला गेलेत", "आज प्रिंटर बंद" असे तीन हेलपाटे झाले, त्यामुळे हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. आमच्या दोघांचा स्वस्तात झाला, पण सत्तरीच्या पुढे प्रीमियम उडी मारतो. शिवाय आधीपासूनचं बीपी, शुगर कव्हर आहे का हे फोन करून विचारा, नुसतं पॉलिसीचं पहिलं पान बघून कळत नाही.

आणि कव्हर लेटर. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यावर घालवावा. आठ दिवस एकाच गावात कशाला हा प्रश्न नातेवाइकांना पडतो तर व्हिसा अधिकाऱ्याला पडणारच. मी सरळ लिहिलं, सासरे कोर्टातून रिटायर झालेत, त्यांना अमुक खोली बघायची आहे, सासूबाई जास्त चालू शकत नाहीत म्हणून मुक्काम एकाच जागी, आणि खाली रोज कुठे जाणार त्याचा तक्ता. उगाच "आपल्या महान देशाची संस्कृती" वगैरे काही नाही.

हा तक्ता करायला बसले तेव्हा न्यूरेंबर्गची खरी गंमत कळली, तिथे प्रत्येक गोष्टीची सुट्टी वेगळी. कोर्टरूमचं स्मारक मंगळवारी बंद. मोठं राष्ट्रीय म्युझियम आणि रेल्वेचं म्युझियम सोमवारी बंद, चित्रकार ड्युररचं घरही मे मध्ये सोमवारी बंद. रविवारी दुकानंच बंद, दूधसुद्धा मिळायचं नाही, फक्त मुख्य स्टेशनातली उघडी. म्हणजे दोन दिवसांची धावती ट्रिप करणारा माणूस रविवार-सोमवारी गेला तर त्याच्या हाती बरीचशी कुलपंच. आम्ही सोमवार किल्ल्याला दिला, मंगळवार रेल्वेला, बुधवार कोर्टाला.

२४ फेब्रुवारीला व्हिसा सेंटरवर काउंटरवरच्या मुलीने फाइल चाळली आणि सहज विचारलं, "काका, म्युनिक नाही, बर्लिन नाही?" अप्पांनी तिला कोर्टरूम ६०० बद्दल सांगायला सुरुवात केली आणि मागची रांग चुळबुळ करायला लागली. निर्णय तिथे होत नाही, ती मंडळी फक्त कागद घेतात, पण अप्पांना कोण सांगणार. बोटांचे ठसे देताना आईंचे ठसे काही केल्या उमटेनात, आयुष्यभर धुणीभांडी, शेणगोठा केलेले हात. ओल्या टिश्यूने पुसून पुसून पुन्हा घेतले तेव्हा झाले. घरात असे हात असतील तर आदल्या रात्री भरपूर क्रीम चोळून ठेवा. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. फी माणशी ९० युरो, तेव्हा साधारण सव्वाआठ हजार रुपये, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज आणि कुरियर. ज्येष्ठांना सवलत नाही, लहान मुलांना आहे.

मग वाट बघणं. नियमाप्रमाणे १५ दिवस, लागलेच तर ४५ पर्यंत. अप्पा रोज दुपारी ट्रॅकिंग नंबर टाकायचे आणि "अजून प्रोसेसमध्ये" असं साऱ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर करायचे. मला आतून धाकधूक होती, विमानाची तिकिटं काढून बसलो होतो आणि एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही असं झालं तर? १२ मार्चला कुरियर आलं. चौघांचेही होते. सिंगल एंट्री, आमचे दिवस आणि वर १५ दिवस जास्तीचे. लिफाफा उघडल्यावर नाव, पासपोर्ट नंबर, तारखा तिथल्या तिथे तपासा, चूक असेल तर लगेच कळवावं लागतं.

व्हिसा हातात आल्यावर रेल्वे. विमान मुद्दाम मुंबई-फ्रँकफर्ट थेट घेतलं होतं. नकाशात म्युनिक जवळ वाटतं, पण म्युनिकला विमानतळावरून आधी लोकलने मुख्य स्टेशन आणि मग मोठी गाडी. फ्रँकफर्टला लांब पल्ल्याचं स्टेशन विमानतळालाच जोडलेलं आहे, तिथून न्यूरेंबर्गला थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची वेगवान गाडी, अडीच तासांच्या आत-बाहेर. बॅगांसकट गाडी बदलायची नाही. स्वस्त तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, विमान उशिरा आलं तर ते वाया, म्हणून जाताना महागडं कुठल्याही गाडीला चालणारं आणि येताना स्वस्त, असं केलं. स्वस्त तिकिटावर गाडीच २० मिनिटांहून जास्त लेट होणार असेल तर बंधन सुटतं, मग दुसऱ्या गाडीने जाता येतं, हे लक्षात ठेवा. सीट रिझर्व्हेशन वेगळं असतं, माणशी पाचेक युरो, म्हातारी माणसं असतील तर ते पैसे वाचवू नका.

आईंची तयारी वेगळीच चालली होती, मेतकूट, भडंग, दशम्या, कोरडी चटणी. पेढे आणि तुपाचा डबा मात्र मी बाहेर काढला, बाहेरून येताना युरोपात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. "एवढंसं तूप कोणाला कळणारे" यावर घरात अर्धा दिवस अबोला.

विमान १७ च्या मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे निघायचं १६ ला संध्याकाळी, हे सगळ्यांना दोन-दोनदा सांगून ठेवलं. फ्रँकफर्टला इमिग्रेशनवाल्याने कुठे, किती दिवस एवढंच विचारलं. शनिवारी दुपारी न्यूरेंबर्गला पोचलो आणि नवरा सामान टाकून तडक सुपरमार्केटला पळाला, रविवारच्या आधी.

रविवारी मुख्य बाजारचौकात गेलो. तिथे १९ मीटर उंचीचं सोनेरी कारंजं आहे, त्याच्या जाळीतली कडी फिरवून लोक इच्छा मागतात, आईंनीही मागितली. बरोबर १२ वाजता फ्राउएनकिर्शे या चर्चच्या घड्याळातून सात इलेक्टरांचे, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांचे, पुतळे बाहेर येतात आणि सम्राट चार्ल्स चौथ्याभोवती तीन फेऱ्या मारतात. खाली सगळे मोबाइल वर करून उभे. हे चर्च जिथे उभं आहे तिथे आधी ज्यूंचं सिनेगॉग होतं, १३४९ मध्ये याच सम्राटाच्या परवानगीने ती वस्ती पाडली आणि पाचशेच्या वर माणसं मारली गेली. हे मी आधी वाचलेलं, पण अप्पांना तिथे उभं असताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, घड्याळाचा फोटो मात्र काढला नाही त्यांनी. या गावात हे सारखं होतं, एखादी गोष्ट सुंदर आहे म्हणून बघावं आणि खालून काहीतरी निघावं. शिवाय जे जुनं दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा उभारलेलं आहे, २ जानेवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यात जुन्या गावाचा बहुतेक भाग जमीनदोस्त झाला होता.

सोमवारी किल्ल्यावर टॅक्सीने. आत खोल विहीर दाखवतात, सुमारे ५० मीटर, गाइड वरून पाणी ओतते आणि सगळे गप्प राहून खाली आवाज यायची वाट बघतात. मंगळवारी रेल्वे म्युझियम, जर्मनीतली पहिली वाफेवरची पॅसेंजर गाडी इथूनच शेजारच्या फ्युर्ट गावाला धावली, ७ डिसेंबर १८३५ ला, आणि ती सुटली आमच्या प्लेअरर चौकातून. आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, नुसते आकडे उलटे केलेले.

बुधवारी कोर्ट. प्लेअररहून मेट्रोची दोनच स्टेशनं, बेरेनशान्झ. जाण्याआधी वेबसाइट बघा, एखादा कार्यक्रम असला तर कोर्टरूम बंद असते आणि नुसतं वरचं प्रदर्शन बघावं लागतं. ऑडिओ गाइड तिकिटातच मिळतो, इंग्रजीत आहे. २०२० पर्यंत या खोलीत नेहमीचे खटले चालायचे, त्यामुळे ती म्युझियमसारखी वाटत नाही, कोर्टासारखीच वाटते. खटल्याच्या वेळी मागची भिंत काढून मोठी केली होती, आता पुन्हा लहान आहे. आरोपींच्या बाकांमागे लिफ्टचा दरवाजा आहे, शेजारच्या तुरुंगातून त्यांना तिथून वर आणायचे. खटला चालला २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६. १२ जणांना फाशीची शिक्षा, ७ जणांना तुरुंगवास, ३ सुटले.

अप्पा आरोपींच्या जागेकडे फार वेळ बघत बसले नाहीत. वरच्या मजल्यावर प्रदर्शनात त्यांना हवं ते सापडलं. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी भाषांतर चालायचं, सगळ्यांच्या कानाला हेडफोन, आणि बोलणारा फार वेगात गेला तर पिवळा दिवा लागायचा, म्हणजे सावकाश. लाल लागला तर थांबा. अप्पा त्या दिव्यांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडे वकीलसाहेब सुटले की त्यांना थांबवायला दिवा नव्हता गं. आम्ही आपलं पेन्सिल मोडल्याचं नाटक करायचो." मग लघुलेखकांचे फोटो शोधत फिरले, कोण कुठे बसलंय, कागद कुठे ठेवलाय. आम्ही सकाळी दहाला आत गेलो ते दोनला बाहेर आलो. ग्रुप टूरमध्ये हे कसं जमलं असतं?

संध्याकाळी राष्ट्रीय म्युझियम, ते बुधवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. तिथे १४९२ च्या सुमाराचा पृथ्वीगोल आहे, आज शिल्लक असलेल्यांपैकी सगळ्यात जुना. त्यावर अमेरिका नाहीच.

बाकीचे दिवस पटकन सांगते. गुरुवारी बँबर्ग, पाऊण-एक तासाचा प्रवास, फार सुंदर, आईंना न्यूरेंबर्गपेक्षा जास्त आवडलं. शुक्रवारी नाझी मेळाव्यांचं मैदान, बाहेरूनच पाहिलं, एवढ्या अवाढव्य दगडी पायऱ्यांवर आता पोरं स्केटिंग करतात ते बघून बरं वाटलं. शनिवारी रोथेनबुर्ग, गाड्या बदलाव्या लागतात आणि गर्दी फार, मला नाही आवडलं, दुसऱ्यांदा गेले तर वगळेन. ही दोन्ही गावं न्यूरेंबर्गच्या लोकल तिकिटाच्या हद्दीतच येतात, एका डे-तिकिटावर दोन मोठी माणसं जातात आणि शनिवारी काढलेलं रविवारीही चालतं.

जेवणाचं, तिथल्या बोटभर सॉसेजचं सगळीकडे कौतुक, आम्ही दोघांनी खाल्ले, छान होते. आई शाकाहारी, पण मे म्हणजे पांढऱ्या शतावरीचा सीझन, २४ जूनपर्यंत असतो, सगळ्या हॉटेलांत बटाट्याबरोबर मिळते. वरच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं, नुसतं बटर घालून मागा. बऱ्याच ठिकाणी कार्ड चालत नाही, पन्नासेक युरो रोख खिशात ठेवा, आणि सुटी नाणी टॉयलेटसाठी. पाण्याच्या बाटल्या फेकू नका, प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, अप्पांनी ते काम आनंदाने अंगावर घेतलं होतं.

खर्च सगळा मिळून चौघांचा साडेपाच लाखांच्या आसपास गेला, त्यात निम्मे विमानाचे. व्हिसा आणि इन्शुरन्स मिळून साधारण साठ हजार, घर एक लाख, बाकी गाड्या, तिकिटं आणि खाणं. दुपारचं बाहेर आणि रात्री घरी खिचडी, त्यामुळे आटोक्यात राहिला.

आता जाणाऱ्यांसाठी एक बदललेली गोष्ट, १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, तर उतरल्यावर रांगेसाठी जास्तीचा वेळ धरूनच पुढची गाडी बुक करा. आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत, आईंनी आधी "मी काय आजारी आहे का" म्हणून नकार दिला होता आणि फ्रँकफर्टला त्या लांबच लांब कॉरिडॉरमध्ये मग अप्पांनाही एक मागवली.